दूध नासायच्या आत

कृतज्ञता हा मनुष्यमात्राचा सर्वश्रेष्ठ अलंकार होय. आमच्या विजयवाड्यात तो अर्ध्या लिटरच्या पिशवीत मिळतो, ज्याचा त्याने घरून आणायचा असतो, आणि ऊन चढून नासायच्या आत साहेबांच्या चित्रावर ओतायचा असतो. चित्र फ्लेक्सचं असल्यामुळे दूध मुरत नाही. हसऱ्या चेहऱ्यावरून ओघळून खाली जातं आणि पुढचं कुत्री बघतात. मुलांच्या शिक्षणासाठी सरकारने आयांच्या खात्यात मदत टाकली, की त्या दिवशी वॉर्डावॉर्डांतून हा अभिषेक होतो. नागमल्लेश्वरीने गेल्या जूनमध्ये तो केला होता, माइकवर चार शब्द बोलली होती, रडलीही होती. आणि आता मार्चमध्ये, मुलीच्या शाळेच्या ऑफिसात, पंख्याच्या वाऱ्याच्या जरा बाहेर ठेवलेल्या खुर्चीवर बसून ती स्वतःलाच रडताना बघत होती.

फोन करस्पाँडंट सांबशिवरावांचा होता. खासगी शाळेच्या मालकाला आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात. का, ते कोणी विचारत नाही. त्यांनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून तिच्याकडे तोंड करून उभा केला होता आणि स्वतः डब्यातल्या पेसरट्टूचे, म्हणजे मुगाच्या डोशाचे, तुकडे आल्याच्या चटणीत बुडवून खात होते. फोनमधली मल्लेश्वरी सांगत होती, की नवरा लग्नाकार्यांत आचाऱ्याच्या हाताखाली राबतो, लग्नं नसली की आमची चूल गार, अशा वेळी साहेब थोरल्या भावासारखे धावून आले, मदत माझ्या खात्यात आली, आता माझी बिंदू शिकणार, कलेक्टर होणार. ‘कलेक्टर’ म्हणताना तिचा खालचा ओठ थरथरला, मग हनुवटी, आणि मग दोन्ही डोळ्यांतून पाणी असं काही धावलं, की चित्रण करणाऱ्याने भान राखून चेहरा जवळ घेतला. खुर्चीतल्या मल्लेश्वरीने पाय फरशीवरून उचलले. फरशी गारच होती, पण तळव्यांना ते ठाऊक नव्हतं. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, रडू जरा उशिराच आलं; ‘थोरल्या भावा’लाच यायला हवं होतं.

“छान बोलतेस अम्मा,” सांबशिवराव म्हणाले. “माझी आई गेली तेव्हा मला इतकं जमलं नव्हतं. लोक नावं ठेवत होते.”

“थँक्यू सर,” ती सवयीने म्हणाली.

“मग आता एवढंच सांग. तुझ्या खात्यात आलेली मदत माझ्या शाळेपर्यंत का नाही आली? वाटेत सोनाराचं दुकान लागलं?”

मदत आलीच नाही, असं तिने सांगितलं. सांबशिवरावांनी बोट रुमालाला पुसलं आणि चित्रण मागे सरकवलं. मदत माझ्या खात्यात आली, असं फोनमधली मल्लेश्वरी म्हणाली. त्यांनी पुन्हा मागे सरकवलं. ती पुन्हा म्हणाली, तितक्याच मनापासून. ही कोण मग, त्यांनी विचारलं, तुझी जुळी बहीण? ते चिडले नव्हते, आणि तेच वाईट होतं. त्यांना लागलं होतं. वर्षभर त्यांनी या बाईला एका शब्दाने विचारलं नव्हतं, कारण जी बाई भर सभेत अशी रडते ती फी बुडवणार नाही असा त्यांचा समज होता. उलट इतर आयांना बोलावून ते हे चित्रण दाखवत आणि म्हणत, बघा, याला म्हणतात जाण. त्यांनी टेबलाचा खण उघडला. दहावीच्या परीक्षेचं हॉलतिकीट तिथे होतं, बिंदूच्या फोटोसकट, दोन वेण्या पुढे घेतलेल्या, नेहमीसारखी कोणावर तरी चिडलेली. सोमवारी पेपर. ते तिला दिसलं एवढी खात्री झाल्यावर सांबशिवरावांनी खण पुन्हा लावला, हलकेच, पाळण्यातल्या बाळावर पांघरूण घालावं तसा. मदत आण आणि घेऊन जा, ते म्हणाले, आणि उरलेला पेसरट्टू घेणार का असंही विचारलं, कारण माणूस मुळात दुष्ट नव्हता.

हो म्हणायची सवय तिला बापाकडून आली होती. बाप बुर्रकथेच्या फडात होता. कथेकरी मधे उभा राहून राजाची गोष्ट सांगतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोघे जण छोटे ढोल वाजवत प्रत्येक वाक्याला होकार भरतात. त्या दोघांतला डावीकडचा तिचा बाप. राजा थोर होता, म्हटलं की हो. राणी सुंदर होती, हो. राजाने राणीला रानात सोडलं, हो हो. जन्मभर त्याने स्वतःचं एक वाक्य म्हटलं नाही आणि एकाही गावाने त्याला उपाशी परत पाठवलं नाही. राणी रानात जाताना तो रडायचा, फक्त उजव्या डोळ्याने, कारण गॅसबत्ती त्या बाजूला असायची. डावा डोळा कोरडाच ठेवायचा, उद्याच्या गावासाठी. मल्लेश्वरीला सातवीतून काढलं ते एका हंगामापुरतं, उजवीकडचा आजारी पडला म्हणून, त्याच्या जागी होकार भरायला. तेव्हा शाळेत सरकारी मदत म्हणजे दुपारचा पिवळा उप्मा होता, पानावर, आणि शाळा सुटल्याचं तिला वाईट वाटलं होतं की उप्मा सुटल्याचं, हे तिला आता आठवून सांगता आलं नसतं. पण होकार जिभेवर बसला तो बसलाच. म्हणून मागच्या वर्षी वॉर्डाच्या कार्यालयातली स्वर्णलता घरोघर चौकशी करत डोंगर चढून आली, घामाने चिंब, आणि जिन्यातल्या मीटरकडे बोट करून तिने विचारलं, “हे मीटर तुमचं का, अक्का?” तेव्हा मल्लेश्वरी म्हणाली, हो.

मीटर सगळ्या घराचं होतं. डोंगरावरची आमची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली असतात. सर्वांत वर मालकीण कोटेश्वरम्मा, खाली बिऱ्हाडं, आणि मीटर सगळ्यांत मिळून एक. पण परक्या, शिकलेल्या मुलीने तुमचं का म्हणून विचारावं, आणि नाही म्हणून तिला मालकिणीकडे वर पाठवावं, हे मल्लेश्वरीच्याने झालं नाही. क्षणभर तिला मीटरवाली व्हावंसं वाटलं होतं, बस. तो क्षण सरकारच्या संगणकात गेला. ज्या घरात वीज फार जळते ते घर सुखवस्तू आणि सुखवस्तूंना मदत नाही, असा नियम आहे, आणि तो ऐकायला वाईट नाही. कोटेश्वरम्माकडे दोन एसी. त्यांची मागची तोंडं खाली, बरोबर मल्लेश्वरीच्या दारावर. चैत्रात सुद्धा तिच्या उंबऱ्यात भट्टीसारखा वारा लागे, दोरीवरचे कपडे वाळत नसत, भाजत असत. सरकारदरबारी मात्र या शहरात त्या उन्हाळ्यात सर्वांत गार झोपलेली बाई म्हणजे नागमल्लेश्वरी. तिने वर जाऊन कोटेश्वरम्माला सांगून पाहिलं, तेव्हा म्हातारी मनापासून हसली. “माझ्या एसीमुळे तू कागदावर श्रीमंत झालीस म्हण की. माझी पोरं मला विचारत नाहीत, आणि तू माझी श्रीमंती आयती घेतेस,” म्हणाली, आणि तिला बर्फाचं पाणी दिलं.

तिने ऑफिसातून बाहेर येऊन चपला पायांत सरकवल्या. बिंदू व्हरांड्यात उभी होती, वर्गाच्या दाराशेजारी, दप्तर पायांत धरून. फी राहिलेल्यांना सकाळपासून बाहेर उभं केलं होतं आणि आता एकटी तीच उरली होती. वर्गात तिला कलेक्टर गारू, म्हणजे कलेक्टरबाई, म्हणतात हे मल्लेश्वरीला माहीत होतं. आज कलेक्टर गारू दौऱ्यावर आहेत, असं कोणीतरी आतून म्हणालं आणि बाकं हसली.

“दिलं?” बिंदूने विचारलं.

“नाही.”

“रडलीस?”

“नाही.”

“मग तुझा उपयोग काय?” बिंदू म्हणाली. तिने खालचा ओठ थरथरवला, मग हनुवटी, आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, “माझी बिंदू कलेक्टर होणार.” आतल्या पोरी पुन्हा हसल्या. घरात ती ही नक्कल रोजच करायची, भात कमी पडला की, साबण संपला की. पण लोकांसमोर पहिल्यांदाच. मल्लेश्वरीला दिसलं, की पोरगी रडू आधी ‘थोरल्या भावा’वर आणत नाही, बरोबर ‘कलेक्टर’वरच आणते, चुकीसकट उचललं होतं. तिला राग यायला हवा होता, पण मनात आलं ते एवढंच, की आजोबांचं रक्त. बिंदूला खरं म्हणजे साडीच्या मोठ्या दुकानात काम करायचं होतं, जिथे दिवसभर एसी असतो आणि मुली उभ्या राहून घड्या मोडतात. दहावी पास लागते.

दोघी कालव्याच्या काठाने वॉर्डाच्या कार्यालयाकडे निघाल्या. बिंदू पुढे, आई मागे, मधे अंतर ठेवून, जसं ओळख नसलेल्या दोन बायका चालतात. कालव्याचं पाणी वरून हिरवं आणि खालून काळं होतं. मल्लेश्वरीने चालता चालता एक गोष्ट करून पाहिली. सांबशिवरावांसमोर रडता आलं नव्हतं. आता निदान स्वर्णलतेसमोर यावं म्हणून तिने खणातलं हॉलतिकीट आठवलं. काही झालं नाही. आईचं प्रेत आठवलं, तोंडात घातलेलं सोन्याचं कणीएवढं पान, आणि ते परत काढायला सांगणारी मावशी. डोळे तसेच कोरडे, उलट मावशीच्या आठवणीने थोडं हसू आलं. बापासारखं एका डोळ्याने तरी येईल म्हणून तिने उजवा डोळा बारीक केला, तेव्हा समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने गैरसमज करून घेतला आणि वळून पाहिलं. मग ती नाद सोडून तळव्यांकडे लक्ष देत चालू लागली.

जूनमध्ये ती कशी रडली होती हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं. व्यासपीठ लोखंडी पत्र्यांचं होतं, स्लॅब ओतायला लावतात तसल्या. पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली लाल गालिचा होता. जिथे खुर्च्या संपत तिथे तोही संपे, आणि त्यापुढे, चित्राजवळ, आयांनी उभं राहायचं होतं. चित्रावर दूध घालायचं म्हणजे पूजाच, तेव्हा चपला खाली काढलेल्या. सकाळपासूनचं ऊन पत्र्याने पिऊन ठेवलं होतं. तिच्या आधी बोलायला उभी केलेली बाई, जिच्या खात्यात मदत खरोखर आली होती, माइक बघूनच गारठली. एक शब्द न बोलता, साहेबांना नमस्कार करून, ठेचकाळत उतरून गेली, आणि मल्लेश्वरीला तिचा तिरस्कार वाटला होता. एवढं मिळून दोन शब्द नाहीत तोंडात. तिच्या स्वतःच्या नावापुढे सुखवस्तू लागलं होतं तरी स्वर्णलतेने तिलाच बोलावलं, कारण आवाज. नाव काय, मागाहून दुरुस्त होतं अक्का, तू चांगलं बोल, मी स्वतः वरच्यांच्या कानावर घालते. मदत आली असं म्हणायचं का, हे मल्लेश्वरीने विचारलं होतं. मग काय, येणार आहे असं म्हणणार, स्वर्णलता म्हणाली, दूध काय येणार आहे म्हणून ओततात? मल्लेश्वरीला ते पटलं. बापही राजा जिंकायच्या आधीच हो म्हणायचा. तिने माइक धरला, आणि दुसऱ्या वाक्याला तळवे जळायला लागले. एक पाय उचलला तर दुसऱ्यावर सगळं वजन. साहेबांपुढे नाचल्यासारखं दिसू नये म्हणून तिने दोन्ही पाय घट्ट रोवले आणि बोलत राहिली, वाक्य लांबवत, कारण वाक्य मधेच तोडता येईना. आणि ‘कलेक्टर’पाशी पायांतलं सगळं डोळ्यांतून बाहेर आलं. खाली बसलेल्या बायका रडल्या. साहेब खुर्चीतून उठले. कॅमेरा कमरेपर्यंतच होता. दूध ओतलं तेव्हा त्यातलं थोडं तिच्या पावलांवर ओघळलं, आणि आयुष्यात कुठल्याही गोष्टीने तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी तिने नवऱ्याला, वीरबाबूला, पेजेचं पाणी सांडलं म्हणून सांगितलं. त्याने तळव्यांना नारळाचं तेल लावलं, आणि शेजारीण विचारायला आली तेव्हा म्हणाला, आनंदाचं रडू वेगळंच असतं.

स्वर्णलता कार्यालयात एकटीच होती आणि संगणक उघडण्याची वाट बघत होती. तिने मल्लेश्वरीला बसवलं, बिंदूला बाहेरच्या बाकावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मधे मधे च् च् केलं. स्वर्णलता मुलगी चांगली होती. मागच्या वर्षी हिच्याच घरी तिने ताक पिऊन घेतलं होतं. मीटर माझं नव्हतं अशी तक्रार लिहून घ्या, एवढंच मल्लेश्वरीचं म्हणणं होतं. तक्रार पुढे गेली की सांबशिवरावांना दाखवता येईल; निदान पेपरला बसू देतील. स्वर्णलतेने हात मांडीवर ठेवले.

“अक्का, रागावू नको. तुझी तक्रार मी कशी घेऊ? आपल्या वॉर्डातून वर जे पाठवलं त्यात पहिलं तुझंच चित्रण आहे. मदत मिळाल्याचा पुरावा म्हणून. आता मिळालीच नाही म्हटलं तर तू साहेबांसमोर खोटं बोललीस असं होईल. तेही दुधाच्या वेळी.”

“तुम्हीच म्हणालात तसं बोल.”

“मी म्हणाले,” स्वर्णलतेने लगेच कबूल केलं. “पण मी कुठे चित्रणात आहे?”

हे ती खोडसाळपणाने म्हणाली नव्हती. तिलाही जरा आश्चर्यच वाटलेलं दिसलं. बाहेर बिंदू तेलुगूच्या पुस्तकाने वारा घेत होती, आणि मल्लेश्वरीच्या मनात विचार आला, की हिला जन्म दिला तेव्हाही नर्सने आधी विचारलं होतं, मुलगी चालेल ना, आणि आपण हो म्हटलं होतं. त्या वेळी नाही म्हटलं असतं तर नर्सने काय केलं असतं? असले विचार तिला हल्ली येत. ते आले की डोक्याच्या मागे एसीच्या पाठीसारखा गरम वारा लागे आणि पुढे सगळं गार, आपण नसल्यासारखं. ती इथे बसली होती, आणि खरी मल्लेश्वरी तिकडे फोनफोनांत, दुधाने निथळत, समाधानी. जिची मुलगी शिकतही होती, जिच्या खात्यात आलंही होतं. त्या बाईचा तिला हेवा वाटला. त्या बाईला विचारायला गेलं असतं तर तीही म्हणाली असती, ही कोण, मी हिला ओळखत नाही.

स्वर्णलतेला तेवढ्यात सुचलं. शनिवारी मैदानावर साहेब पुन्हा येणार होते. दहावीच्या मुलांना त्यांच्या हातून पेन आणि शुभेच्छा. खुर्च्या सांबशिवरावांच्याच शाळेतून येणार होत्या आणि ते पहिल्या रांगेत बसणार होते. बोलणारी अजून ठरली नव्हती. वरून निरोप होता, की मागच्या वेळची ती रडणारी मिळाली तर बघा. सांबशिवरावांना हॉलतिकीट घेऊन यायला सांगायचं, तबकात ठेवायचं, आणि साहेबांनी स्वतः ते बिंदूच्या हातात द्यायचं, सगळ्यांदेखत. साहेबांनी दिलेलं हॉलतिकीट सांबशिवराव परत कसं मागतील? बोलता बोलता स्वर्णलतेचा चेहरा उजळला. आपल्याला कोणाचं तरी भलं करता येतं, हे तिच्या नोकरीत तिला क्वचितच कळे.

“मीटरचं?” मल्लेश्वरीने विचारलं.

“ते निवडणुकीनंतर बघू. आधी पोरगी पेपरला बसू दे. पण अक्का, एक आहे. भाषण तेच, ‘मदत आली’सकट, नाहीतर मागचं खोटं ठरेल. आणि रडायचं अगदी तस्संच. नुसतं डोळे पुसणं चालायचं नाही. मागे एकीने पदर लावला नुसता, सांबशिवरावांसारखी माणसं लगेच ओळखतात. साहेब उठून आले तरच तबक पुढे येणार. बसूनच राहिले तर मी काय करू?”

मल्लेश्वरी हो म्हणाली. त्याला वेळ लागला नाही.

मग स्वर्णलतेने बाकीचं सांगितलं. बिंदूने युनिफॉर्ममध्ये यायचं, वेण्या पुढे, आईशेजारी उभं राहायचं आणि दूध तिनेच ओतायचं. लहान हातांनी ओतलं की चित्र चांगलं येतं. पिशवी आपली आपण आणायची. कार्यक्रम सकाळी दहाचा, म्हणजे साहेब बाराला येतील. आयांनी आणि मुलांनी आधीपासून वर उभं असावं, आयत्या वेळी गर्दी नको. व्यासपीठ मागचंच, पत्रे तेच, मंडपवाला तोच. चपला खाली काढायच्या हे मल्लेश्वरीला माहीत होतंच. स्वर्णलता हे सगळं उत्साहाने लिहून घेत होती, आणि बोलणाऱ्या मातेचं नाव लिहिताना तिने नुसतं वर बघून हसून घेतलं, नाव विचारावं लागलं नाही.

दारातून बिंदूची पाठ दिसत होती. तिने सँडल काढून बाकाखाली सारले होते आणि पाय वर घेऊन मांडी घातली होती. तळवे बाहेरच्या बाजूला वळले होते, गुलाबी, स्वच्छ, कधी कुठे फारसे न चाललेल्या पोरीचे. एकावर शाईचा डाग होता. ती ओठ हलवत होती. धडा पाठ करत असेल, किंवा नक्कल. मल्लेश्वरीने आपल्या चपलांत तळवे जरा दाबून पाहिले. जुनी कातडी गेली होती, नवी आली होती, आणि नव्या कातडीला ठाऊक होतं. शनिवारी पत्रा दगा देणार नव्हता. हवामान ढगाळ नव्हतं, तिने येताना पाहिलं होतं.

“अजून काही, अक्का?” स्वर्णलतेने वही मिटत विचारलं. “मागायचं असेल ते आत्ताच सांग. सध्या वरचे तुझ्यावर खूश आहेत.”

मल्लेश्वरी थोडी घुटमळली. मागणं तिला जड जायचं.

“मॅडम, बिंदूच्या पायाखाली तेवढं एक पोतं टाकायला सांगा. ओलं करून,” ती म्हणाली. “माझ्या नको.”